बंदूक नेमकी कधी ‘बंदूक’ होते?

विशेष प्रतिनिधी

टेक्सास किंवा ॲरिझोनासारख्या राज्यातील एखाद्या उपनगरात राहणारा आणि पहिल्यांदाच घरी रायफल जोडण्याचा घाट घातलेला माणूस काही आठवडे पार्सलांची वाट पाहत असतो. नळी एका कंपनीकडून येते, दस्ता दुसरीकडून, चापाचे भाग आणि स्प्रिंगांची पुडी तिसरीकडून. कुरियरवाला खोकी दारात ठेवून निघून जातो. बहुतेक राज्यांत या खरेदीसाठी कोणी ओळखपत्र विचारत नाही की कोणता अर्ज भरून घेत नाही. एक भाग मात्र घरपोच येत नाही. तो घेण्यासाठी परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात जावे लागते, सरकारी अर्ज भरावा लागतो आणि ‘एफबीआय’च्या यंत्रणेकडून पार्श्वभूमीची तपासणी होईपर्यंत थांबावे लागते. बघायला गेले तर हा भाग म्हणजे हातात सहज मावणारा, ॲल्युमिनियमचा एक पोकळ सांगाडा. त्यातून गोळी सुटू शकत नाही. तरीही अमेरिकेच्या संघराज्य कायद्याच्या दृष्टीने तो एकटाच संपूर्ण बंदूक असतो. बाकीची खोकी म्हणजे निव्वळ लोखंड आणि प्लास्टिक!

या सांगाड्याला ‘रिसीव्हर’ म्हणतात. अनुक्रमांक त्याच्यावर कोरलेला असतो, नोंद त्याची होते आणि गुन्ह्यानंतर माग काढायचा झाल्यास पोलीस तिथूनच सुरुवात करतात. घरी रायफल जोडण्याच्या छंदावरून अमेरिकेत गेली दहा-बारा वर्षे जो वाद पेटला आहे, तो वरवर पाहता बंदुकीच्या हक्काचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे मूळ या एका भागावर सारा भार टाकण्याच्या कायद्याच्या निर्णयात आहे. हा निर्णय का घेतला गेला, हे समजून घेतल्याशिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२५ मधील निकालाचे महत्त्व लक्षात येणार नाही.

अमेरिकेत १९३८ मध्ये जो बंदूकविषयक कायदा झाला, त्यात बंदुकीच्या व्याख्येत तिचा ‘कोणताही भाग’ समाविष्ट होता. म्हणजे कागदोपत्री एक खिळाही बंदूकच. प्रत्येक किरकोळ सुट्या भागाची नोंद ठेवणे व्यवहारात अशक्य असल्याचा अनुभव पुढे आला. दरम्यान नोव्हेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. मारेकऱ्याने वापरलेली इटालियन बनावटीची रायफल शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवलेली होती. दुर्बिणीसह तिची किंमत होती १९ डॉलर ९५ सेंट. पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘गन कंट्रोल ॲक्ट’वर स्वाक्षरी केली. टपालाने एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील ग्राहकाला थेट बंदूक पाठविण्याचा मार्ग या कायद्याने बंद केला. त्याच वेळी ‘कोणताही भाग’ हे शब्द वगळून त्या जागी ‘फ्रेम किंवा रिसीव्हर’ एवढेच शब्द घातले. हा विचार व्यवहाराला धरून होता. शंभर गोष्टींवर नजर ठेवण्यापेक्षा एका, पण मुख्य गोष्टीवर ठेवावी. पोस्टाने येणारी रायफल ज्या कायद्याने रोखली, त्याच कायद्याने तिचे बाकीचे सारे तुकडे पोस्टाने येण्यास मोकळे ठेवले, हे तेव्हा कोणाच्या फारसे ध्यानात आले नसावे.

ध्यानात न येण्याचे कारणही होते. त्या काळातील बंदूक घरी जोडणे सोपे नव्हते. भाग एकमेकांत बसवण्यासाठी कानशीने घासावे लागत, आणि त्यासाठी कसलेला कारागीर लागे. चित्र बदलले ते एआर-१५ या रायफलीमुळे. यूजीन स्टोनर या अभियंत्याने ‘आर्मालाइट’ कंपनीसाठी पन्नासच्या दशकात तिचा आराखडा तयार केला आणि १९५९ मध्ये त्याचे हक्क ‘कोल्ट’ने विकत घेतले. तिचे लष्करी रूप म्हणजे व्हिएतनाम युद्धापासून ठाऊक असलेली एम-१६. एका दमात सलग गोळ्या न झाडणारे नागरी रूप १९६४ पासून बाजारात आले. १९७७ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि मग कोणीही तिचे भाग बनवू लागले. एका कारखान्याची नळी दुसऱ्याच्या सांगाड्यात बिनचूक बसते, हे या रायफलीचे वैशिष्ट्य. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून संगणक जोडणाऱ्या पिढीला हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. मदरबोर्ड एकाचा, डबा दुसऱ्याचा आणि जोडल्यावर यंत्र सुरू झाल्याचा आनंद मात्र आपला! अमेरिकी हौशी मंडळी तर या छंदाला ‘मोठ्यांचे लेगो’ म्हणतात. जोडताना हातातून निसटून खोलीच्या कोपऱ्यात नाहीशी होणारी बारीक स्प्रिंग हा नवशिक्यांच्या थट्टेचा ठरलेला विषय असतो. एआर-१५ पद्धतीच्या रायफलींची अमेरिकेतील संख्या दोन कोटींहून अधिक असल्याचे बंदूक उद्योगाची संघटना सांगते. त्यातील अनेक कारखान्यातून अखंड बाहेर पडलेल्याच नाहीत.

याच रायफलीने कायद्याची पंचाईतही केली. ‘रिसीव्हर’ कशाला म्हणावे, याची व्याख्या नियमांत दिलेली होती. घोडा, बोल्ट आणि गोळी झाडणारी यंत्रणा ज्या भागात सामावते तो रिसीव्हर, असा तिचा आशय होता. पण एआर-१५ मध्ये हा सांगाडा वरचा आणि खालचा अशा दोन तुकड्यांत विभागलेला आहे. घोडा खालच्या तुकड्यात, तर बोल्ट वरच्या. बंदुकांचे नियमन करणारा संघराज्याचा ‘एटीएफ’ हा विभाग खालच्या तुकड्यालाच रिसीव्हर मानत आला. नियमाची भाषा मात्र त्याला पूर्णपणे लागू पडत नव्हती. कॅलिफोर्नियात एका व्यक्तीवर परवान्याशिवाय असे भाग तयार केल्याचा खटला भरला गेला, तेव्हा बचाव पक्षाने नेमके हेच शब्द न्यायालयापुढे वाचून दाखविले. न्यायाधीश जेम्स सेल्ना यांनी २०१९ मध्ये दिलेल्या प्राथमिक मतात ते मान्य केले. हे मत अंतिम झाले असते, तर देशातील सर्वाधिक खपाच्या रायफलीत कायद्याने ‘बंदूक’ म्हणावा असा एकही भाग उरला नसता. सरकारी वकिलांनी आरोपीशी तडजोड करून प्रकरण मिटविले. पन्नास वर्षे ज्या व्याख्येवर नियंत्रणाचा डोलारा उभा होता, ती न्यायालयात वाचून दाखवली जाऊ नये अशीच सरकारची इच्छा असावी, असे म्हणण्यास जागा आहे.

येथे एक फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण अमेरिकेतील चर्चेतही तो अनेकदा पुसला जातो. घरी रायफल ‘जोडणारा’ आणि घरी रायफल ‘घडविणारा’ या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. पहिला दुकानातून तयार, अनुक्रमांक असलेला रिसीव्हर घेतो. त्याची तपासणी झालेली असते आणि त्याची रायफल कागदावर इतर कोणत्याही रायफलीसारखीच दिसते. कायदा पाळणारे बहुसंख्य हौशी याच गटात मोडतात. दुसरा अर्धवट तयार केलेला रिसीव्हर विकत घेतो आणि उरलेले काम घरी पूर्ण करतो. बाजारात या मालाला ‘ऐंशी टक्के’ असे नाव पडले. कायद्यात असा कोणताही टक्का नाही, पण नावाचा अर्थ ग्राहकाला बरोबर कळतो. वस्तू अद्याप बंदूक झालेली नाही, म्हणून तपासणी नाही, अनुक्रमांक नाही आणि नोंदही नाही. स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनविण्यास संघराज्य कायद्याने परवाना लागत नाही. त्यामुळे काम पूर्ण झाल्यावरही ती सरकारच्या कोणत्याच वहीत येत नाही. हीच ती ‘घोस्ट गन’.

जी तपासणी चुकविता येते ती ज्याला चुकवायची असते तोच चुकवितो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे ७ जून २०१३ रोजी एका तरुणाने पाच जणांचे प्राण घेतले. त्याचा बंदूकखरेदीचा अर्ज २०११ मध्ये नाकारला गेला होता. हल्ल्यातील रायफल सुट्या भागांपासून तयार केलेली होती. त्याच राज्यातील रँचो तेहामा या वस्तीत नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच बळी गेले. मारेकऱ्याने बंदूक बाळगू नये असा न्यायालयाचा आदेश असताना त्याच्याकडे घरी तयार केलेल्या दोन रायफली होत्या. टेक्सासमधील मिडलंड-ओडेसा परिसरात ऑगस्ट २०१९ मध्ये सात जणांना ठार करणारा हल्लेखोर २०१४ मध्ये तपासणीत नापास झाला होता. त्याने मग एआर-१५ पद्धतीची रायफल एका खासगी व्यक्तीकडून विकत घेतली. ही व्यक्ती भाग आणून बंदुका तयार करीत असे आणि नफ्यासाठी विकत असे. परवान्याशिवाय बंदुकांचा धंदा केल्याबद्दल तिला २०२१ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. या तिसऱ्या प्रकरणाचा धडा पहिल्या दोहोंपेक्षा वेगळा आहे. छंद आणि धंदा यांच्यातील रेषा कोठे आहे, हे गिऱ्हाईक दारात उभे राहीपर्यंत शेजाऱ्यालाही कळत नाही.

बंदूक समर्थकांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. अमेरिकेतील बंदुकीच्या बहुसंख्य हत्या पिस्तुलांनी होतात; सर्व प्रकारच्या रायफलींचा त्यातील वाटा लहान आहे. गुन्हेगारांकडील बहुतेक शस्त्रे आजही कारखान्यात बनलेली, चोरलेली किंवा हातोहात फिरलेली असतात. देश स्थापन झाला तेव्हा पेनसिल्व्हेनियातील लहानसहान कारखान्यांत घडविलेल्या लांब नळीच्या रायफलींवर कोणी क्रमांक घातला नव्हता, याचाही दाखला दिला जातो. बंदुकीवरील निर्बंध ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या ब्रुएन प्रकरणात सांगितल्यापासून अशा दाखल्यांना वजन आले आहे. तथापि घोस्ट गनच्या आकड्यांकडे पाहिल्यास सरकारची काळजीही पटते. देशभरातील पोलिसांनी माग काढण्यासाठी संघराज्याकडे पाठविलेल्या अशा बंदुकांची संख्या २०१७ मध्ये सुमारे १,६०० होती. २०२१ मध्ये ती १९ हजारांवर गेली. त्यांचा माग काढण्याचे प्रयत्न जवळजवळ पूर्णपणे निष्फळ ठरल्याचे सरकारने न्यायालयात सांगितले.

या पार्श्वभूमीवर बायडेन प्रशासनाने एप्रिल २०२२ मध्ये नवा नियम जाहीर केला आणि ऑगस्टपासून तो लागू झाला. सहज पूर्ण करता येणारा अर्धवट सांगाडा आणि सर्व भाग एकत्र असलेला संच यांना त्याने बंदूक ठरविले. विक्रेत्याला परवाना, संचाला अनुक्रमांक आणि ग्राहकाला तपासणी आवश्यक झाली. एआर-१५ चा खालचा तुकडा हाच रिसीव्हर, हेही त्यात नाव घेऊन लिहिले गेले. कॅलिफोर्नियातील फजिती विसरलेली नव्हती, हे उघड आहे. टेक्सासमधील संघराज्य न्यायालयाने २०२३ मध्ये नियम रद्द केला, अपिलातही सरकार बहुतांशी हरले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

तेथे ८ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेला युक्तिवाद स्वयंपाकघरात शिरला. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी विचारले की, ओट्यावर अंडी, चिरलेले हॅम, मिरची आणि कांदा मांडून ठेवला तर त्याला ऑम्लेट म्हणायचे काय? सरकारी वकील एलिझाबेथ प्रेलॉगर यांनी नाही म्हटले. त्या जिन्नसांचे इतरही पदार्थ होतात, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावर न्यायमूर्ती एमी बॅरेट यांनी विचारले की, हेच जिन्नस एका पदार्थासाठी मोजूनमापून, संच म्हणून विकत घेतले असतील तर? मग उत्तर बदलते, असे प्रेलॉगर यांनी सांगितले. घरात कांदे, पोहे आणि मोहरी असणे निराळे आणि ‘कांदेपोहे’ असे छापलेले तयार पाकीट आणणे निराळे, असा हा भेद आहे. सगळा वादच बहुधा या एका भेदात सामावलेला होता.

न्यायालयाने २६ मार्च २०२५ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी नियम वैध ठरविला. निकालपत्र न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी लिहिले. ट्रम्प यांनी नेमलेल्या, कायद्याच्या शब्दांना चिकटून राहणाऱ्या न्यायाधीशाने ते लिहावे, याकडे अनेकांचे लक्ष वेधले गेले. त्यांनी भाषेचाच आधार घेतला. दुकानातून आणलेले, अजून न जोडलेले टेबल हेही टेबलच आणि लेखिकेने मैत्रिणीला वाचायला दिलेले अपुरे हस्तलिखित हीही कादंबरीच, असे दाखले त्यांनी दिले. एका संचाची त्यांनी विशेष दखल घेतली. पूर्वी असा संच कधीही न पाहिलेल्या व्यक्तीने साध्या हत्यारांनी आणि इंटरनेटवरील चित्रफितींच्या मदतीने २१ मिनिटांत त्यातून पिस्तूल तयार केले होते. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस आणि अलिटो यांनी विरोधी मत नोंदविले. अर्धवट सांगाडा म्हणजे सांगाडा नव्हे, असे थॉमस यांचे म्हणणे.

निकालाने काय सुटले आणि काय राहिले, हे पाहिले पाहिजे. एका खोक्यात सर्व काही विकणाऱ्याची पळवाट बुजली. मात्र हा निकाल नियम सरसकट अवैध आहे काय, एवढ्याच प्रश्नापुरता आहे. कोणता अर्धवट तुकडा कितपत अर्धवट असला म्हणजे सुटतो, हे पुढील प्रकरणांवर सोडून दिले आहे. निकालाच्या आधीच, ७ फेब्रुवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी बायडेन यांच्या काळातील बंदूकविषयक नियमांचा फेरआढावा घेण्याचा आदेश काढला होता. न्यायालयाने टिकविलेला नियम प्रशासन मागे घेऊ शकते. म्हणूनच डझनभराहून अधिक राज्यांनी केलेले स्वतंत्र कायदे महत्त्वाचे ठरतात. त्यातच त्रिमितीय छपाईयंत्र आले. न्यूयॉर्कमध्ये ४ डिसेंबर २०२४ रोजी एका आरोग्य विमा कंपनीच्या प्रमुखाची हत्या झाली. आरोपीकडे सापडलेले पिस्तूल असे छापलेले असल्याचे पोलिसांनी सांगितले. ज्या तुकड्यावर कायद्याचा सारा भरवसा, तोच नेमका छापण्यास सर्वांत सोयीचा ठरला आहे.

युरोपीय संघाने हा भार एका तुकड्यावर ठेवलेला नाही. तेथील २०१७ च्या निर्देशानुसार नळी, सांगाडा, बोल्ट, स्लाइड हे सारेच ‘अत्यावश्यक भाग’ असून त्यांना बंदुकीचेच नियम लागतात. भारताने तर याहून पुढे जाऊन रेषा आखली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील व्याख्येत शस्त्राचे भाग येतातच, शिवाय ते बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय शस्त्र बनविल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. १९३८ मध्ये अमेरिकेने जे करून पाहिले आणि सोडून दिले, ते आपल्याकडे साठ वर्षांहून अधिक काळ लागू आहे.

म्हणून घरात बंदुका बनायच्या थांबल्या, असे नाही. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील उमर्टी येथे बनणारी पिस्तुले राज्यातील गुन्ह्यांत वारंवार सापडतात. त्याहून गंभीर प्रकरण २०१८ मध्ये बिहारच्या मुंगेरमध्ये उघडकीस आले. तेथे वीसच्या आसपास एके-४७ रायफली हस्तगत झाल्या. काही तर विहिरीतून काढाव्या लागल्या. जबलपूरच्या लष्करी शस्त्र भांडारातून बाहेर काढलेल्या सुट्या भागांपासून एका निवृत्त कर्मचाऱ्याने त्या घरी जोडल्या होत्या, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. पुढे तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. एवढा कडक कायदा असताना गळती झाली ती सरकारी भांडाराच्या नोंदवहीत. व्याख्या कितीही व्यापक केली, तरी भाग मोजणारा माणूस लागतोच.

अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींच्या दृष्टीनेही या सांगाड्याचे महत्त्व वेगळे आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी नागरिकाला तेथील संघराज्य कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद तेवढे आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही. सहकाऱ्याचे पाहून एखाद्याला या छंदाची हौस आली आणि त्याने नळी, दस्ता, चाप मागविले, तर संघराज्य कायद्याच्या लेखी त्याने बंदूक घेतलेली नाही. शेवटचा सांगाडा त्याच्या हाती आला, की रायफल जोडण्याआधीच तो गुन्हेगार ठरतो. या गुन्ह्याची कमाल शिक्षा २०२२ पर्यंत दहा वर्षे होती, त्या वर्षीच्या कायद्याने ती पंधरा वर्षे झाली.